भेगेतला लाल गोंद

दादा,

बाबांच्या जुन्या गाडीचं तडकलेलं स्टिअरिंग आज मी दुरुस्तीला घेतलं. भरण्याआधी भेग कानशीने जरा रुंद करावी लागते. करताना आत वाळलेला लाल गोंद निघाला. तू खेळण्यातली विमानं चिकटवायचास, तोच!

म्हणजे ते तू फोडलंस, गुपचूप चिकटवलंस, आणि खेळताना माझ्या हातात उकललं तेव्हा मूग गिळून बसलास. तेव्हापासून गाडी बंद पडेपर्यंत बाबांनी मला तिला हात लावू दिला नाही. तेवीस वर्षं मी घरातली धसमुसळी.

स्टिअरिंग घेऊन तशीच बाबांकडे गेले. त्यांनी चष्मा वर करून गोंद पाहिला.

"अगं, मला तेव्हाच कळलं होतं. पण त्याची परीक्षा तोंडावर होती. उगाच खचला असता."

"आणि मी?"

"तू खंबीर होतीस."

दादा, मी नऊ वर्षांची होते!

परत येऊन भेग भरली, घासून गुळगुळीत केली. हे पत्र मात्र पाठवणार नाही. पाठवलं तर तू लगेच फोन करून माफी मागशील, आणि मग सगळे मला म्हणतील, "झालं ना आता? सोड की!"

मला इतक्यात सोडायचं नाहीये.

तुझी धाकटी बहीण