उभ्या गाडीला भाडं नाही

मंगळवार, ८ नोव्हेंबर १९९४
वर्तकनगर

आज सुहासने माझ्या नाकावर टिच्चून बाजी मारली. आमच्या विमान कंपनीला तिकीट स्वस्त करायचंय, ते कसं, हे आम्हा दोघांना साहेबांपुढे मांडायचं होतं. मी पानंच्या पानं आकडेमोड करून नेलेली. हा नुसता फळ्यापाशी गेला आणि म्हणाला, "साहेब, विमान एसटीसारखं चालवा. जेवण बंद करा. उतरणारे उतरले की लगेच चढणारे आत. उभ्या गाडीला भाडं मिळत नाही."

साहेबांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं! माझी पानं कुणी उलटलीसुद्धा नाहीत.

नुसता जळफळाट झाला. विमानाची एसटी करतोय म्हणे! पण ते वाक्य... उभ्या गाडीला भाडं मिळत नाही. कुठे ऐकलंय मी हे?

घरी आले तर आबा खाकी शर्टाला बटण लावत बसलेले. आबा खोपट डेपोत कंडक्टर आहेत. ऑफिसात मी "वडील सरकारी नोकरीत" एवढंच सांगते.

"अगं, तुमच्या कंपनीतला एक सुहास म्हणून आहे ना?" आबा म्हणाले. "चार दिवस माझ्या गाडीत बसत होता. गाडी कुठे थांबते, का थांबते, सगळं विचारून वहीत लिहायचा. हुशार आहे हो पोरगा."

मी पर्स खाली ठेवून विचारलं, "मी तुमची मुलगी, हे सांगितलंत त्याला?"

आबांनी दाताने दोरा तोडला.

"नाही. तुला आवडत नाही ना ते."