झिजलेलं लायनिंग

शिरगाव, बदलापूर
दि. ८ मे १९९२

चि. हिंदुराव यास भागीरथीताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र नाही की फेरी नाही. गॅरेजमध्येच संसार थाटलास का? विठ्ठलवाडी काही विलायतेत नाही. आंबे पिकत घातलेत. नासले तर बोल मला लावू नकोस.

आता मुद्द्याचं लिहिते. तुझ्या दाजींनी जीप विकायची ठरवली आहे. धरणाच्या उतारावर गाडी दगडावर आदळली, तेव्हापासून ते स्टिअरिंगला शिवलेले नाहीत. मागे पॅसेंजर म्हणून बसलेल्या वेणूबाईंचा हात मोडला, तो अजून प्लॅस्टरमध्ये आहे. हे रोज सकाळी त्यांचं पाणी भरून येतात आणि म्हणतात, माझाच पाय ब्रेकवर उशिरा पडला. वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस ओट्यावर बसून स्वतःच्या पायाकडे बघत राहतो, ते मला बघवत नाही. एखादं गिऱ्हाईक बघ, नाहीतर तूच त्यांना समजाव. तुझं ते ऐकतात.

उमा मामाची आठवण काढते. बहिणीवर माया आहे ना, मग दोन ओळी तरी लिही.

तुझी ताई


विठ्ठलवाडी, उल्हासनगर
दि. १३ मे १९९२

ती. ताईस हिंदुरावचा शि. सा. न. वि. वि.

जीप विकू नका. दाजींचा पाय उशिरा पडला नाही. चूक माझी आहे.

चेटीचंडाच्या दिवशी दाजी जीप घेऊन आले होते, पेडल खाली जातं म्हणून. मी एक चाक खोललं. ब्रेकचं लायनिंग, म्हणजे ड्रमवर दाबून चाक थांबवणारा पट्टा, इतकं झिजलं होतं की त्याचे रिव्हेट ड्रमला घासत होते. नवं आणावं तर सिंधी व्यापाऱ्यांची सगळी दुकानं सणाची बंद. मग मी ॲडजस्टर आवळला आणि चाक बसवलं. तसं केलं की पेडल वर येतं, ब्रेक कडक लागतो. पण झिजलेलं ते झिजलेलंच, लांब उतारावर तापलं की पकड सुटते. गाडी दोन दिवस इथेच राहू द्या, असं सांगणार होतो. तेवढ्यात दाजींनी पेडल दाबून बघितलं आणि शेजारच्या पेंटरला ऐकू जाईल असं म्हणाले, की आमच्या मेहुण्याचा हात लागला की गाडी नवी होते. माझी छाती फुगली. मी गप्प बसलो.

अपघातानंतर गाडी माझ्याकडेच आली. नवं लायनिंग टाकलं आणि जुने तुकडे कुणाला दिसू नयेत म्हणून त्याच दिवशी भंगारात दिले. दाजी तिथेच स्टुलावर बसून माझी समजूत घालत होते, की तू मनाला लावून घेऊ नकोस. ताई, तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही. मी तुमच्याकडे येत नाही ते कामामुळे नाही, लाजेमुळे. आंब्यांचं काय घेऊन बसलीस.

हे पत्र दाजींना वाचून दाखव. लोभ मागायला मला तोंड राहिलेलं नाही.

हिंदुराव


शिरगाव, बदलापूर
दि. १८ मे १९९२

चि. हिंदुराव यास महिपतीचे अ. आ.

तुझ्या ताईने पत्र रडत रडत वाचलं, म्हणून मी पुन्हा स्वतः वाचलं. खोटं कशाला लिहू, तू समोर असतास तर कानफटात खाल्ली असतीस. महिनाभर मी स्वतःच्या पायाला शिव्या देतोय आणि तुला सगळं ठाऊक! तुझीही झोप उडाली असणार, हे मागाहून सुचलं. तरी हे मी लवकर विसरणार नाही.

वेणूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ज्याने केलं त्याने माझ्यासमोर येऊन बोलावं. तेव्हा आल्यावर आधी त्यांच्याकडे जायचं.

जीप मी विकत नाही. पण काल गाडीत बसलो, चालू केली आणि पेडलवर पाय ठेवताच घाम फुटला. दोष तुझा, हे डोक्याला कळलंय, पायाला कळलेलं नाही. म्हणून येत्या रविवारी ये. चारही चाकं माझ्यासमोर खोल, लायनिंग मला दाखव. मग दोघं त्याच उतारावर जाऊ. गाडी मी चालवीन, तू शेजारी बस. ब्रेक कुठे दाबायचा ते तू सांगायचं. तू सांगितल्याशिवाय मी दाबणार नाही.

राग आहे आणि लोभही आहे. या वेळी मात्र गप्प बसू नकोस.

महिपती