सातपुते बाईंचा शनिवार

प्रिय शमीम,

तुझा वेळापत्रकाचा प्रोग्राम आज मला उघडावा लागला, म्हणून हे पत्र. तू आम्हाला कायमची सोडून गेल्यापासून त्या फ्लॉपीला मी हात लावला नव्हता. यंदा कॉलेजात दिवसाचे सहाचे सात तास झाले आणि प्राचार्य म्हणाले, "बाई, वेळापत्रक तुमच्याकडे. सोमवारपर्यंत हवं."

पन्नाशीला आलेल्या रसायनशास्त्राच्या बाईला तू पास्कल ही संगणकाची भाषा शिकवलीस! "ताई, न बदलणारं वरती एकदाच लिहायचं. कॉन्स्टंट म्हंजी तेच. उद्या बदलायची वेळ आलीच, तर एकाच जागी हात घालायचा." सहा पुसून सात केलं, खाली सगळीकडे सात झालं. बघायला तू हवी होतीस गं!

मग खाली संच, म्हणजे कंसातल्या याद्या, आले. प्रत्येक शिक्षकाच्या नावापुढे चौकटी कंस. त्यात जो वार, त्या दिवशी त्याला शेवटचा तास नाही. माझ्या कंसात शनिवार! मी कधी मागितला होता?

त्या शनिवारांमुळेच मला चौफुल्याची एसटी मिळायची आणि खुटबावला आजारी आईपाशी उजेडी पोचायचे. शिपाई तांबेमामा म्हणायचे, "सातपुते बाईंचं नशीब हाय बघा, शनवारी हटकून आधी सुटत्यात!" मी फटकारायचे, "नशीब कसलं? मशीन कुणाची भीड ठेवत नाही." तू समोर बशीत चहा ओतत बसायचीस. तो शनिवार तूच घातलाय, हे सांगितलं नाहीस. का गं?

तुझा स्वतःचा कंस रिकामा आहे. अब्बांना दौंडला दवाखान्यात न्यायचं म्हणून तू शुक्रवारी लवकर सुटायला मागत होतीस. वेळापत्रकाला मंजुरी माझी असायची; मी म्हणाले, "एकीसाठी वेळापत्रक बदलत नाही." तू म्हणालीस, "बरं ताई." गुपचूप घातला असतास शुक्रवार, तर मला कळलंही नसतं. मी नाही म्हटलं होतं, म्हणून घातला नाहीस. आता तो कुणाला देऊ?

आई आता नाही. तरी माझा शनिवार पुसायला हात उठेना; तू दिलेलं तेवढंच उरलं होतं. शेवटी पुसला. तुझ्या जागी संगणक शिकवायला आलेल्या साळवे बाईंचं लेकरू केंदूरला आजीकडे असतं. शनिवार त्यांच्या कंसात घातला. त्या विचारतील, तेव्हा तुझं नाव सांगेन. आणि यापुढे कुणी मागायला येण्याआधी मीच विचारीन, काय अडचण आहे म्हणून. हा तुला शब्द.

तुझी,
विमलताई

साळवे बाईंकडे आज दिले: फ्लॉपी एक, प्रोग्रामची छापील प्रत एक. प्रतीवर लिहिणारीचं नाव नव्हतं. पहिल्या पानावर शाईने घातलं: शमीम शेख.