तळधन्याचा पुजारी

गुरुवार, २ जानेवारी २०२५

सकाळी साडेनऊला केडगावला उतरले. राहू गावच्या आरोग्य केंद्रात फार्मासिस्ट म्हणून बदली झाली आहे, सोमवारी हजर व्हायचे. महेंद्रची खोलीच भाड्याने घेतली. माझा धाकटा भाऊ. चार वर्षे इथे राहिला आणि ऑक्टोबरमध्ये वडगाव रासाईजवळ भीमेत बुडून गेला. त्याला उत्तम पोहता येत होते.

बदलीचा अर्ज करा, हे त्याच्या मित्रांनीच फोनवर सुचवले होते. खोलीही त्यांनीच धरून ठेवली. इंद्रजीत, तेजश्री आणि दत्ता तिघेही टेम्पो घेऊन स्टेशनवर आले. माझी पेटी उचलताना दत्ता म्हणाला, ताई, यात गोळ्या भरल्यात का वरवंटा? घरमालकीण बयाबाईंनी चहा दिला. म्हणाल्या, भाऊ लई गुणाचा व्हता, कवा आवाज न्हाई; तुम्ही बी तशाच दिसताय. तीन महिन्यांनी आज पोटभर जेवले. इथे बरे वाटेल असे वाटते.

रविवार, ५ जानेवारी

दुपारी तीनला इंद्रजीतच्या गुऱ्हाळावरच्या माडीवर गेले. खाली रस उकळत होता, वर गोड वाफ येत होती. दर रविवारी महेंद्र धरून हे चौघे इथे बसून एक खेळ खेळत. इंद्रजीत एका कल्पित मुलखाची गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतले एकेक माणूस होतात आणि काय करणार ते बोलून सांगतात. जमले की नाही, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. दत्ता लढवय्या, तेजश्री जादूगार. दर वेळी काय झाले ते तेजश्री वहीत लिहून ठेवते.

महेंद्र पुजारी होता. देव इंद्रजीतने रचलेला, तळधनी नावाचा. बुडालेली माणसे त्याच्याकडे असतात. त्याचा धर्म साधा आहे. मानणारे जितके, तितका देव. पुजाऱ्याने जाण्याआधी पुढच्या पुजाऱ्याचे नाव लिहून द्यायचे. नाव दिले नाही तर देव तिथेच संपतो.

महेंद्रच पुजारी का, असे मी विचारले. आमच्या घरात आजोबांपासून देव नाहीत. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, एवढेच. दत्ता हसून म्हणाला, तेच तर कारण. आमच्या घरी खंडोबा हाय, कागदावरच्या देवापुढं हात जोडले तरी आई लाटणं घेऊन मागं लागंल. तुमच्यात ती कटकटच न्हाई. मग मीही हसले. महेंद्रची रिकामी खुर्ची त्यांनी मला दिली आणि पुजाऱ्याची सगळी माहिती लिहिलेला त्याचा कागदही.

रविवार, १२ जानेवारी

आठवडाभर केंद्रात गर्दी होती, खोकल्याचे रुग्ण फार. तेजश्रीने दोनदा डबा आणून दिला.

आज खेळात मी तळधन्याला विचारले, आधीचा पुजारी तुझ्याकडे आहे का. फासा टाकला, वीस आले, सर्वांत मोठे दान. बुडालेल्या माणसाचे बोलणेही इंद्रजीतनेच करायचे असते. तो मान खाली घालून बोलू लागला. म्हणाला, अक्का, दहावीच्या निकालाला तू मला विहिरीवरून परत आणलंस, आईला सांगितलं नाहीस.

ही गोष्ट फक्त आम्हा दोघांना माहीत होती. महेंद्र नापास झाला होता आणि विहिरीच्या काठावर चपला काढून बसला होता. मी त्याच्या शेजारी तासभर बसले, मग हाताला धरून घरी आणले.

इंद्रजीतने तोंड पुसले. आपण काय बोललो ते आठवत नाही म्हणाला. मी रडले, पण ते रडणे बरे वाटले. तेजश्रीने सांगितले की पुजाऱ्याचा अधिकार वाढला तर तो एका माणसाला तळातून वर आणू शकतो.

हा खेळ आहे, हे मला कळते. तरी घरी आल्यावर खुंटीवरचा त्याचा शर्ट धुऊन इस्त्री केला.

रविवार, १९ जानेवारी

आज दीक्षा झाली. खेळातले नाव चालणार नाही, स्वतःचे घ्या, असे इंद्रजीत म्हणाला. मी पूर्ण नाव घेतले. फासा टाकला, वीस. पुन्हा टाकून पाहिला, वीस. दत्ता काही विनोद करेल असे वाटले, पण तो खिडकीबाहेर बघत राहिला.

गुरुवार, २३ जानेवारी

कपाटातल्या गोळ्यांची पाकिटे ओली निघाली. फक्त मी हात लावलेली. सकाळपासून खोकला आहे. खोकल्यातून कफ नाही, पाणी येते. गढूळ, त्यात बारीक वाळू. डॉक्टरांनी छाती तपासली. साफ आहे म्हणाले.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन करून परतले तर तेजश्री दारात उभी होती. आत आली नाही. खेळाची वही दिली आणि म्हणाली, ताई, मला माफ नका करू. मग निघून गेली.

वहीतले २९ सप्टेंबरचे पान इथे उतरवून ठेवते.

"महेंद्रच्या खोकल्यातून पाणी येते. घाबरला आहे. इंद्रजीत म्हणाला, पुढचे नाव दे, सुटशील. महेंद्रने आमच्याकडे पाहिले. आमची नावे घेऊ नकोस, आमच्या घरी देव आहेत, असे आम्ही तिघांनी सांगितले. त्याने नाव लिहून दिले. नवा पुजारी आला नाही तर तळधनी टेबलाभोवतीच्या आमच्याकडे वळेल, असे फाशाने सांगितले. त्यांना इकडे आणायला हवे."

म्हणजे अर्ज. खोली. टेम्पो. डबे.

पानाला एक चिठ्ठी टाचली होती. अक्षर महेंद्रचे. माझे पूर्ण नाव, आणि खाली: माझी बहीण. बोलावले की येते.

बुधवार, २९ जानेवारी

तीन दिवस काही लिहिले नाही. मित्रांचा राग येतो, तो सरळ आहे. त्याचा काय करू? विहिरीवरून मी आणलेला माझा भाऊ. त्या चिठ्ठीत खाडाखोड नाही. एका दमात लिहिली आहे.

केंद्रात पाणी पिणे बंद केले. तरी —

रविवार, २ फेब्रुवारी

गेले. तिघे बसले होते. कोरा कागद आणि पेन माझ्यापुढे ठेवले. मी विचारले, नाव देऊन तो सुटला का? दत्ताने खाली बघत सांगितले, दोन दिवसांनी गेला.

मग इंद्रजीतची मान खाली गेली. महेंद्र बोलला. अक्का, नाव दे म्हणजे मी वर येतो. आईचं दे. तशीही तिची किती वर्षं राहिलीत?

तो महेंद्र नव्हता, असे लिहायला हवे. पण वाक्याच्या शेवटी आवाज बारीक करून मागायची ती पद्धत — त्याचीच.

इंद्रजीत शुद्धीवर आला आणि त्याने माझ्यापुढे हात जोडले. तिघांनी जोडले. ताई, कोणाचं तरी लिहा. कोणाचं पण. न्हाईतर आमच्यावर येईल.

नाव नसेल तर देव संपतो, मी म्हणाले. तुमचाच धर्म आहे.

कागद कोराच ठेवून उठले.

सोमवार, ३ फेब्रुवारी

रजा टाकली. अंथरूण ओले. दाराबाहेर इंद्रजीत — ताई, ताई म्हणत होता. बयाबाईंनी हाकलला. दार उघडले नाही.

भिंतीपलीकडून महेंद्र आईचे नाव सांगतो. जाईबाई लिही. जाईबाई लिही. मलाच जणू ते माहीत नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सकाळी आईचा फोन आला. जेवतीस का, म्हणाली. जेवते म्हटले. आवाज असा का, म्हणाली. सर्दी आहे. महेंद्रची आठवण येते म्हणाली. चांगला होता, म्हटले. तिच्याजवळ तेवढे तरी —

पाय वाळूत, छातीपर्यंत पाणी असल्यासारखे. फरशी कोरडी आहे. पाहिली.

नाव दिलेले नाही. देणार नाही. चिठ्ठी फाडली. पेन फक्त ह्या वहीसाठी —

तो आता बोलत नाही. रडतो. लहान असताना रडायचा तसा. मी उत्तर दिले नाही.

दुपारचे साडेबारा. आईला जेवते म्हणून सांगितले आहे. एक वाटी तांदूळ धुतला, मीठ टाकले, कुकर लावला. दोन शिट्ट्या झाल्या. तिसरी झाली की गॅस बंद क