वाळूच्या बादलीतला फोन

१४ मार्च

प्रिय ताई,

तुझ्या दोन्ही पत्रांना उत्तर दिलं नाही, म्हणून आधी कान पकडतो. मी मजेत आहे. खोलीला खिडकी आहे, खिडकीसमोर भिंत आहे. जेवतो वेळेवर.

काम चांगलं आहे. लोक घरातले बंद पडलेले टीव्ही, मिक्सर, फोन आणून देतात, आम्ही ते उघडून तांबं, काच, प्लास्टिक वेगळं करतो. हे कचऱ्यात गेलं तर जमिनीत विष कसं उतरतं, यावर मी अर्धा तास बोलू शकतो. कॉलेजात एवढा बोललो असतो तर पास झालो असतो! फोनची बॅटरी फुगलेली असली तर तो सरळ वाळूच्या बादलीत. त्याला चार्जर कधीच लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी शिकवतात.

मी लावला.

मंगळवारी एका खोक्यात तिचा फोन आला, बॅटरी फुगलेला. कोपरा फुटलेला. कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये भांडणात तिच्या हातातून हिसकावून मीच आपटला होता. हो, तू जिला 'चष्मेवाली' म्हणून मला चिडवायचीस, तीच. मी आत होतो. ती खोकं देऊन निघूनही गेली होती. वाटलं, माझा एखादा मेसेज तरी ठेवला असेल. जेवणाच्या सुट्टीत गुपचूप चार्जर लावला. पाच मिनिटांत धूर. मी नुसता बघत उभा. आमच्या उस्तादांनी उघड्या हाताने तो ओढून वाळूत फेकला. त्यांची दोन बोटं भाजली.

आणि वर मीच आवाज चढवून म्हणतोय, "काढा मला कामावरून! काढा!"

"आधी बर्फ आण, शहाण्या. मग भांडू."

बर्फ लावताना मी सगळं सांगितलं, मग त्यांनी तिने भरलेला अर्ज पुढे ठेवला. वस्तू देताना सगळेच भरतात. शेवटचा प्रश्न: यातलं काही परत हवं आहे का? तिच्या बारीक अक्षरात, 'नाही'.

आज फोन वाळूतून काढला. आतलं कुणी वाचू नये म्हणून मेमरीला ड्रिलने भोक पाडायचं असतं, ते मीच पाडलं. भुगा फुंकरीने उडवला.

ताई, मी मजेत आहे हे वर लिहिलंय, ते खोडत नाही. पण सुट्टीच्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत तोंडातून एक शब्द निघत नाही गं. बाबांशी भांडून निघालो तेव्हा तू दारात होतीस, मी मागे वळून पाहिलं नाही.

सोबत तसाच एक अर्ज घातलाय. वस्तूचं वर्णन मी भरलंय: तापट, कोपरा फुटलेला. शेवटचा प्रश्न बाबांना विचार. उत्तर त्यांच्याच अक्षरात पाठव. 'नाही' असलं तरी पाठव.

ते उत्तर वाचायला धीर गोळा करत बसलेला,
तुझा धाकटा