डाव्या हाताचा कोबाल्ट

सर, तुम्ही चुकला होता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आधी हेच लिहिते. अकोल्याच्या कॉलेजातली ती दुपार. कपाशी बुडून गावंच्या गावं खचली होती, होस्टेलमधल्या मुलींना वडील मधूनच घरी नेत होते. माझ्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं, प्रॅक्टिकलला पहिली आलीस तर एम.एस्सी., नाहीतर लग्न.

तुम्ही बटाटा उचलता. हा कोबाल्टचा अणू समजा. त्यात झाडूच्या सहा काड्या खोचता, वर, खाली आणि चारी बाजूंना, मग शेजारच्या दोन-दोन काड्या तारेनं जोडता. तीन तारा. आम्ही तुमचं पाहून करतो. मी डावखुरी. तुम्ही उजवीकडून घातलेली तार माझ्या हातून आपसूक डावीकडून जाते. सगळ्या वर्गाचे बटाटे एकसारखे, माझा एकटीचा उलटा. तुम्ही तो हातात घेता, फिरवता, पालथा करता, स्वतःच्या बटाट्याशेजारी धरता. एक तार जुळवली की बाकीच्या दोन भलतीकडे जातात. पाच मिनिटांपूर्वी तुम्हीच फळ्यावर लिहिलेलं असतं की अशा संयुगाची दोन रूपं असतात, एकमेकांची आरशातली प्रतिमा, कशीही फिरवा, जुळत नाहीत. एक ध्रुवित प्रकाशाचं प्रतल उजवीकडे वळवतं, दुसरं डावीकडे.

"डाव्या हातानं केलं की असंच होते," तुम्ही म्हणालात. "उद्या बाहेरचे परीक्षक येऊन राहिले. मोड ते."

"हे चुकलं नाही सर. हे दुसरं हाय."

वर्ग हसला. मी मोडलं नाही, तुम्ही मला बाहेर काढलंत आणि मार्कही कापलेत. पहिला नंबर भलत्याच मुलीचा आला. एम.एस्सी. मी तरीही केली, अमरावतीला, घरच्यांशी उभा दावा मांडून, शिकवण्या घेऊन. आता तिवस्याला शिकवते. एखाद्या पोराचं उलटं निघालं की मी ते सगळ्यांसमोर ठेवते आणि म्हणते, जुळवून दाखवा. दोन्ही रूपं केल्याशिवाय माझ्या वर्गातून कुणी उठत नाही. मोड म्हणायची माझ्याकडे पद्धत नाही, आणि ती मी तुमच्यामुळेच ठेवलेली नाही. हे उपकार म्हणून लिहीत नाही, गैरसमज नको.

तुम्ही रिटायर झाल्यावर मी दोनदा तुमच्या घरी आले होते. दोन्ही वेळा भांडायच्या तयारीनं. काकूंनी चहा दिला, तुम्ही माझ्या मुलांची चौकशी केलीत, आणि मी तशीच परतले. आज खरं सांगते. तुमची चूक दाखवायला मी आलेच नव्हते. तुम्ही आपणहून एकदा म्हणाल, तुझं बरोबर होतं पोरी, म्हणून बसून राहिले होते. दुसऱ्या वेळी तर शेवटची बसही जाऊ दिली.