सायलीच्या मानेची गाठ

नेकनूर,
१९ डिसेंबर २०२४

ती. धोंडीराम भावजी यांस,
केशरचा नमस्कार. ऊसतोडीच्या फडात थंडी लई असेल, जाऊबाईंना जपा.

यांच्या आजारपणातल्या त्या सकाळी मी अंगण झाडलं, शेळीचं दूध काढलं, भाकरी थापायला बसले. तुम्ही चुलीत लाकूड सारलंत. मला वाटलं, भाकरीसाठी. मग त्याच जाळात तुम्ही विळा तापायला ठेवलात.

यांच्या मानेची गाठ तेव्हा लिंबाएवढी होती. ‘गंडमाळ हाय. डाग दिला की मुळासकट जातीय,’ तुम्ही म्हणालात. डाग भरायला दोन महिने गेले. तोवर गाठी काखेत आल्या, पोटात आल्या. बीडच्या डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं, लिम्फोमा, आणि विचारलं, ‘इतके दिवस कुठं होता?’ तेराव्याला तुम्ही पाहुण्यांत बोललात, ‘हिनं नीट धरलं न्हाई, डाग हलका बसला.’

आणि आता माझ्याकडं ठेवलेल्या पोटच्या लेकीसाठी फोनवर तेच: ‘सायलीची गाठ वाढतीय तर आवसेला येतो. जाळ करून ठेव.’ मी बोलायला लागले तर फोन ठेवलात. म्हणून फडावर निघालेल्या सटवाच्या हाती हे पत्र.

योगिता नर्सबाईंनी दिलेलं मासिक मी चारदा वाचलं. पेशीत आरएनएचे लांब धागे असतात. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही, म्हणून शास्त्रज्ञ त्यांना कैक वर्षं कचरा समजले. आता कळतंय, त्यांतले काही धागे हा रोग वाढवतात, काही आवरून धरतात. त्यावरचं औषध अजून हाती नाही, हेही त्यात छापलंय. एवढी शिकलेली माणसं आपली चूक छापून सांगतात. तुमच्या तोंडून ती एकदा तरी निघाली का? आणि तुमचा विळा त्या धाग्यापर्यंत पोचतो कसा?

सायलीची गाठ कॅन्सरचीच आहे असं मी म्हणत नाही. साधी असेल, टीबीची असेल. तपासल्याशिवाय मला कळत नाही, आणि तुम्हालाही नाही.

काल ती म्हणाली, ‘काकू, लई दुखतं का गं डाग देताना?’

मी नीट धरलं होतं, भावजी. दोन्ही गुडघ्यांत त्यांचं डोकं आवळलं होतं. ‘केशर, सोड,’ म्हणाले. मी सोडलं नाही. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. काल सायलीला सांगितलं.

इथवर काल लिहून ठेवलं होतं. आज सकाळच्या एसटीनं तिला बीडला नेलं. गाठीचा तुकडा तपासायला दिला. तिला कुणी धरावं लागलं नाही.

तुमच्या भावाची बायको,
केशर